वसिष्ठाच्या जोडीचा तारा

विवाहविधीत नवदांपत्यास अरुंधतीचे दर्शन घडविण्याची प्रथा आपल्याकडे आहे. आधी सप्तर्षीतील ठळक वसिष्ठ दाखवावयाचा आणि त्याच्या आधारे शेजारच्या मंद अरुंधतीकडे दृष्टी न्यावयाची. या दोहोंतील अंतर सुमारे १२ कलांचे, म्हणजे अंशाचा पाचवा भाग असून निकोप डोळ्यास ते वेगळे दिसतात. परंतु एकटा वसिष्ठही वस्तुतः युग्मतारा आहे, हे दुर्बिणीवाचून कळत नाही. इटलीत १६१७ साली कास्तेल्ली व गॅलिलिओ यांनी ते प्रथम पाहिले.

त्यासाठी मोठी दुर्बीण हवी, हा समज चुकीचा आहे. वसिष्ठाच्या दोन घटकांत सुमारे १४ विकलांचे अंतर आहे (एका कलेच्या ६० विकला). ६० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची शालेय दुर्बीण दोन-अडीच विकलांपर्यंतची जोडी विलग करू शकते. ४० ते ५० पट वर्धन पुरे. त्याहून अधिकाचा मोह धरल्यास तारा थरथरतो व दृष्टिक्षेत्रातून चटकन निसटतो.

चांदवडहून मेअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास वसिष्ठ उत्तरेस सुमारे ५५ अंश उंच येतो. वळवाचे ढग नसावेत, एवढेच. गडद काळोखाची गरज नाही. मात्र मुंबई-आग्रा महामार्गावरील वाहनांचा झोत टळेल अशी जागा निवडावी आणि स्थानिक प्रशासनाने जवळचा पथदिवा तासभर मालवावा.

प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव येथे नमूद करणे उचित होईल. एका आकाशदर्शनात आम्ही ‘दोन तारे दिसतील’ असे आधीच सांगून टाकले. पुढे धक्का लागून तारा क्षेत्राबाहेर गेला, तरी रांगेतील मुले ‘दिसले’ म्हणत पुढे सरकत राहिली! दोष मुलांचा नव्हता. तेव्हा शिक्षकांनी काहीही न सांगता प्रत्येकाकडून दिसले त्याचे चित्र काढून घ्यावे. निरीक्षण नीट झाले असल्यास दोन जवळचे शुभ्र बिंदू, त्यांतील एक किंचित मंद, आणि काही अंतरावर अरुंधती, असे चित्र उमटते.

भारतातील दुर्बिणीच्या आरंभीच्या शोधांतही युग्मतारा आहे. १६८९ साली पुदुच्चेरीहून धूमकेतूचा वेध घेताना फादर रिशो यांना नरतुरंगातील मित्र हा तारा दुहेरी आढळला. त्याच रात्री पावणेअकराच्या सुमारास तो चांदवडच्या दक्षिण क्षितिजावर जेमतेम नऊ अंश वर येतो. त्या दिशेस डोंगर आड येऊ नये. वसिष्ठाच्या जोडीत मनुष्याच्या आयुष्यात फरक जाणवत नाही. मित्राचे घटक मात्र सुमारे ८० वर्षांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. त्यामुळे विद्यार्थ्याने यंदा काढलेले चित्र वीस वर्षांनी त्यालाच बदललेले आढळेल.