सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार : लक्षणे व उपचार

ठाणे जिल्ह्यातील नया नगरसारख्या दाट वस्तीत एका घरातील भांडण चार घरांना ऐकू जाते. सकाळी मैत्रिणीला डोक्यावर घेणारी, सायंकाळी तिलाच वैरीण ठरविणारी आणि रागाच्या भरात स्वतःस इजा करून घेणारी तरुणी ‘नाटकी’ म्हणून हिणवली जाते. वस्तुतः हा सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असू शकतो. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्यास १९८० साली स्वतंत्र स्थान मिळाले.

आपल्याला सोडून दिले जाईल ही पराकोटीची भीती, टोकाचे नातेसंबंध, स्वतःच्या ओळखीविषयी अस्थिरता, उतावळेपणा, आत्मघाताचे प्रयत्न वा धमक्या, भावनांचे झपाट्याने होणारे चढउतार, सततचे रितेपण, अनावर संताप आणि ताणाच्या वेळी तात्पुरता संशय वा भान हरपणे, ही त्याची नऊ लक्षणे होत. त्यांपैकी किमान पाच दीर्घकाळ आढळल्यास तज्ज्ञ निदान करतात. एखाद्या भांडणावरून कोणास हे नाव देऊ नये.

मानसोपचाराने बहुसंख्य रुग्ण सुधारतात. आत्मघाताची धमकी कधीही पोकळ समजू नये. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे, असेच २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो. तिला शिक्षेची नव्हे, उपचारांची गरज असते. शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी अशा कुटुंबास ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा ‘टेली मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा यांची वाट दाखवावी.