पऱ्हाटीचें फूल



बाहेरगांवचा पाहुणा कारंज्यास आला म्हणजे आपण त्याला मोठ्या हौसेनें गांव दाखवावयास नेतों. श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानचें गुरुमंदिर, जुनीं जैन मंदिरें, दिल्ली वेस, दारव्हा वेस हीं सर्व दाखवून झालीं म्हणजे आतां पाहण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें आपण सांगतों. गांवाबाहेर कापसाचीं वावरें दूरवर पसरलेलीं असतात. पण पऱ्हाटीकडे बोट दाखवून "हें पाहा" असें कोणी म्हणत नाहीं. जें नित्य दृष्टीसमोर असतें तें आपण पाहिलेलेंच आहे, असा आपला समज असतो. हा समज किती खोटा आहे हें मला एका विद्यार्थ्यानें शिकविलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मी वर्गांत कापसाचा पाठ घेत होतों. "कापसाचें फूल फिकट पिवळें असतें," असें मी सांगितलें व फळ्यावरही लिहिलें. तेव्हां मागच्या बांकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उभा राहून म्हणाला, "गुर्जी, आमच्या वावरात एकाच झाडाले पांढरे बी अन् लाल बी फुलं रायतेत." वर्ग हंसला. मीही हंसलों, आणि "पुस्तकांत तसें नाहीं, बस खालीं," असें म्हणून पाठ पुढें चालविला. मुलगा खालीं बसला. पण त्याचा चेहरा मला दिवसभर विसरतां येईना. शनिवारीं दुपारीं मी त्याच्या वावरांत गेलों. तेथें खरोखरच एकाच झाडावर पांढरीं व गुलाबी अशीं दोन्ही फुलें डोलत होतीं! माझें सारें बालपण वऱ्हाडांत गेलें, कापसाच्या पैशावर वाढलेल्या गांवीं मी राहिलों. परंतु ही गोष्ट मी कधीं पाहिली नव्हती.

दुसऱ्या सकाळीं त्या मुलानें नुकत्याच उमललेल्या एका फुलाच्या देठाला दोरा बांधला. फुलाचा रंग दुधावरच्या सायीसारखा होता. सायंकाळीं त्यावर किंचित् लाली चढली, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं दोरा बांधलेलें तेंच फूल चांगलें गुलाबी झालेलें होतें. म्हणजे झाडावर दोन जातींचीं फुलें नव्हतीं. एकच फूल दोन दिवसांत दोन वस्त्रें नेसत होतें. पहिल्या दिवशीं परागीभवन होतें. नंतर पाकळ्यांत अँथोसायनिन नांवाचें द्रव्य उत्पन्न होऊन त्या लाल होतात व लौकरच गळून पडतात. जांभळाला आणि डाळिंबालाही याच वर्गांतील द्रव्यांनीं रंग येतो. सोमवारीं मी वर्गासमोर माझी चूक कबूल केली आणि फळ्यावरचें वाक्य त्या मुलाकडून दुरुस्त करून घेतलें.

फूल गळालें म्हणजे कथा संपली असें मात्र समजूं नका. खरा चमत्कार त्याच वेळीं, दृष्टीआड, सुरू झालेला असतो. फूल उमलतें त्या सुमारास आंतील कोवळ्या बियांच्या पृष्ठभागावरील कांहीं पेशी लांब होऊं लागतात. सुमारें तीन आठवडे त्या वाढत राहतात; मग त्यांची भिंत आंतून जाड होत जाते. कापसाचा प्रत्येक तंतु म्हणजे अशी एकच पेशी होय! तिची लांबी एक इंचाहून थोडी अधिक भरते. ती तिच्या जाडीच्या हजार पटींहूनही जास्त असते. एका सरकीवर असे दहा हजारांहून अधिक तंतु असतात. बोंड फुटून तंतु वाळला म्हणजे ती पोकळ नळी चपटी होते आणि फितीसारखी पीळ खाते. या पिळांमुळेंच एक तंतु दुसऱ्याला धरून ठेवतो आणि सूत निघतें. तंतु गुळगुळीत व सरळ राहिला असता, तर तुमच्या अंगावरचा सदरा विणतां आला असता काय? वेचणीच्या वेळीं ओट्यांत पडणाऱ्या प्रत्येक मुठीमागें एवढें कार्य घडलेलें असतें.

जवळ जाऊन पाहिल्यानें जुन्या समजुतीही दुरुस्त होतात. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे सुगरणीचे खोपे तुम्हीं पाहिले असतील. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. पण जात्यावर बसतां बसतां आणि शेतांत राबतां राबतां त्यांनीं जें टिपलें, त्यांतून सुगरणीच्या खोप्यावरचें काव्य निर्माण झालें. त्यांच्या निधनानंतर, १९५२ सालीं, त्यांच्या कविता ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. आपण त्या पक्ष्याला कौतुकानें सुगरण म्हणतों. परंतु पावसाळ्यांत घटकाभर थांबून पाहाल तर खोपा विणणारा पिवळ्या डोक्याचा नर आहे असें दिसेल. तो खोपा अर्धा विणून थांबतो. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो. पुष्कळ झाडांवर अर्धवट खोपे कां लोंबतात, याचें उत्तर यांत आहे.

कित्येक पालक म्हणतील, "हें सारें ठीक, पण परीक्षेंत याचा उपयोग काय?" त्या मुलाच्या वडिलांनींही माझ्याजवळ हीच तक्रार केली होती: पोरगा अभ्यास सोडून झाडाकडे पाहत बसतो. पुढें एके दिवशीं त्याच मुलानें वडिलांना एक न उमललेलें फूल नेऊन दाखविलें. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून एकमेकींत गुंतल्या होत्या. वडिलांनीं अंगठ्यानें त्या उकलल्या, तों आंत बारीक अळी! आपले शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात. गुलाबी बोंडअळी आपल्या धाग्यानें पाकळ्या शिवून टाकते, म्हणून तें उमलत नाहीं. २००२ सालापासून आलेल्या बीटी कापसानें अळीचा धाक गेला असें अनेकांना वाटलें होतें. पण गुलाबी अळी हळूहळू त्यालाही पुरून उरली, आणि २०१७ सालीं विदर्भांत तिनें मोठें नुकसान केलें. बोंडांत शिरलेली अळी बाहेरून दिसत नाहीं व तिच्यापर्यंत औषधही पोहोंचत नाहीं. म्हणून डोमकळी वेळींच ओळखून तोडून नष्ट करणें महत्त्वाचें असतें. वडील त्या वेळीं कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र बाप आणि मुलगा दोघेही तास न् तास डोमकळ्या शोधीत फिरत होते. घरचें वर्षाचें पीक कधीं कधीं एका न उमललेल्या फुलाकडे कोणाचें लक्ष जातें यावर अवलंबून असतें.

आतां तुमच्यासाठीं थोडा अभ्यास. आपल्या अंगणांतील, वावरांतील किंवा शाळेच्या वाटेवरील एकच वस्तु निवडा: एक झाड, मुंग्यांची एक रांग, काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत पडणारी एक भेग. आठ दिवस ठराविक वेळीं तेथें जा. जें दिसेल तें वहींत लिहा. जें दिसावें असें वाटतें तें लिहूं नका. एक तरी प्रश्न लिहिल्यावांचून परत येऊं नका. पुस्तक आणि डोळे यांचें पटत नसेल, तर घाईनें कोणालाच खोटें ठरवूं नका; देठाला दोरा बांधा आणि उद्यां पुन्हा या.

पालकांना एवढीच विनंती, कीं मुलानें "हें असें कां?" असें विचारलें तर उत्तर येत नसल्यास तसें सांगावें, पण त्याला खालीं बसवूं नये. मीं एकदां बसविलें होतें. तो दोरा अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे.