भाडे हाती पडण्याआधी

चि. बाळास,


वांगणीच्या खोलीला भाडेकरू मिळाल्याचे तुझ्या आईकडून कळले. फार बरे वाटले. पण त्या भाड्यातून तू मोटरसायकलचा हप्ता काढणार आहेस असेही ती बोलली, म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर तू 'हो आत्या' म्हणून मोकळा होतोस.

माझे म्हणणे एकच आहे. गंगाजळी उभी राहीपर्यंत भाड्याला कमाई समजू नकोस.

वांगणीत भाड्याने कोण राहतो ते आधी बघ. ठाण्या-दादरला नोकरी आणि बदलापूरचे भाडे झेपत नाही, असा माणूस एक स्टेशन पुढे जातो. शिवाय गावात दृष्टिहीन कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतले कितीतरी जण लोकलच्या डब्यांत किरकोळ वस्तू विकून घर चालवतात. लोकल चालली तर त्यांची चूल पेटते आणि तुझे भाडे येते.

ती लोकल कोरोनाच्या साथीत २३ मार्च २०२० पासून थांबली. जूनच्या मध्यापासून थोड्या गाड्या सुरू झाल्या, त्याही अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वांना डब्यात पाऊल टाकता आले ते थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, आणि तेसुद्धा ठरावीक वेळांतच. १७ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सांगितले की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, थकबाकीसाठी कुणाला घराबाहेर काढू नका. योग्यच सांगितले. पण ज्या मालकाचा कर्जाचा हप्ता त्याच भाड्यावर चालत होता, त्याने काय करायचे? रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते लांबवायची सवलत दिली खरी, पण व्याजाची चाके फिरतच राहिली. त्या दिवसांत गाठीला पैसा असलेला मालक भाडेकरूला 'राहा, पुढे बघू' म्हणू शकला. ज्याच्याकडे नव्हता, तो मनाने चांगला असूनही दारात जाऊन उभा राहिला. तू त्या दारात उभा राहू नयेस, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता तुझाच हिशेब. खोलीच्या कर्जाचा हप्ता १२,१०० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स ९००, भाडे ५,०००. सहा महिने खोली रिकामी राहिली, त्यात तुझा पगारही अडकला, तर ७८,००० रुपये लागतील. वर दुरुस्तीचे २५,०००. तुझी खोली तळमजल्यावर आहे हे विसरू नकोस. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, हजाराच्या आसपास प्रवासी बाहेर काढावे लागले. असे पाणी घरात शिरले की वायरिंग, दारांच्या चौकटी, रंग, सगळेच हात पसरून उभे राहते. म्हणजे साधारण एक लाख. हप्ता आज तू पगारातून भरतोच आहेस, तर आलेले भाडे पावणेदोन वर्षे हात न लावता साठव. मोटरसायकल तोवर थांबेल.

आयकराचा कायदाही भाड्यातून घरपट्टी वजा जाता उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट देतो, तू खर्च केलास की नाही हे न विचारता. घर मालकाकडून पैसा मागतच राहते, हे कायद्यालाही मान्य आहे. मात्र कर्जाच्या व्याजामुळे पगारावरचा कर वाचेल, असे गृहीत धरू नकोस. नव्या करपद्धतीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही.

भाडेकरूची अनामत यात मोजायची नाही. ते पैसे त्याचे आहेत, खोली सोडेल त्या दिवशी त्याच्या हातात पडले पाहिजेत. त्यांची वेगळी मुदत ठेव कर.

गंगाजळी भिशीत तर मुळीच घालू नकोस. गरज जुलैत आणि नंबर मार्चात, असे व्हायचे. पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देईल, पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे जे संरक्षण आहे ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. बँकेत वेगळे बचत खाते उघड, दर महिन्याला तिथून आवर्ती ठेव लाव. त्या खात्याचे कार्ड खिशात ठेवू नकोस.

लाख जमले की एजंट फोन करील: शेलूला नवी इमारत, स्टेशनपासून पाच मिनिटे, आजच टोकन द्या. एका खोलीचा राखीव पैसा दुसरीत घातलास, तर दोन्ही खोल्या एकाच संकटात सापडतील, कारण दोन्हीकडचे भाडेकरू त्याच लोकलने जातात.

आणि अकरा महिन्यांचा करार नोंदवलास का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर या रविवारी कागद घेऊन बदलापूरला ये. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचा अर्जही सोबत आण, जेवण करून दोन्ही भरून टाकू.

तुझी,
आत्या