गाडी वारो खाता!

मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन घेतली की सुट्टीतला छळ ठरलेला असतो. "तू इंजिनिअर होतोयस ना, मग बघ जरा!" कधी मिक्सर, कधी विहिरीचा पंप. दिवाळीत देवबागला मामाकडे गेलो तेव्हा माझ्या वाट्याला मामाची जुनी गाडी आली. चार सिलिंडर, हजार सीसी, कार्ब्युरेटरवाली. (मॉडेल लिहीत नाही, मामा अंक वाचतो.) तक्रार एकच: रेस खाली येत नाही. पाय काढला तरी इंजिन घोंघावतंय, मध्येच खाली येतं, परत वर चढतं.

देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मालवणहून तारकर्लीच्या पुढे गेलं की जमिनीची एक चिंचोळी पट्टी लागते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. म्हणजे वारा कुठूनही येवो, खाराच. पत्रा, केबल, स्प्रिंग, वायरींची टोकं, सगळ्यांना गंज. त्यात पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने जागची हलत नाही. आयडलिंगच्या तक्रारी इथे जास्त येणार हे ओघानंच आलं.

आधी थोडी थिअरी, कंटाळू नका. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे त्याच्या खाली मॅनिफोल्डमध्ये साधारण ४५० ते ५०० मि.मी. पाऱ्याचा व्हॅक्यूम तयार होतो. इंजिन किती वेगाने फिरणार हे तिथे किती हवा शिरते यावर ठरतं. रेस जास्त आहे याचा अर्थ हवा जास्त शिरतेय. मग प्रश्न एवढाच उरतो: थ्रॉटलमधून की दुसऱ्या वाटेने? अख्खं निदान या एका प्रश्नात आहे. मला हे कळायला अर्धा दिवस गेला.

गाडीत टॅकोमीटर नव्हता. मोबाईलवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप घेतलं आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट, म्हणून फ्रिक्वेन्सी गुणिले ३० म्हणजे आरपीएम. ६० हर्ट्झ आले, म्हणजे १८००. पाहिजेत ८५० च्या आसपास.

पहिला संशय चोकवर. बटण आत ढकललेलं, पण केबल गंजून अडकली असेल तर चोकचा कॅम थ्रॉटलला उघडा धरून ठेवतो. केबल खरंच कडक होती. तेल सोडून मोकळी केली, आवाज तसाच. अ‍ॅक्सिलेटर केबलला ढील होती, रिटर्न स्प्रिंग शाबूत. थ्रॉटलचा दांडा बोटाने बंद दिशेला दाबून पाहिला, रेस जराही उतरली नाही. (ही परीक्षा नेहमी आधी करा. दाबल्यावर रेस उतरली तर दोष केबलचा किंवा स्प्रिंगचा, पुढे काही उघडायची गरज नाही.)

आणि इथे मी माती खाल्ली. स्लोचा स्क्रू पाहिला तर तो दांड्याला टेकतच नव्हता. आधीच्या कुणा मेकॅनिकने रेस उतरवण्यासाठी तो पूर्ण मागे घेतलेला. थ्रॉटल पूर्ण मिटलेला आणि तरी १८००! उत्तर समोर होतं. पण मी ठरवलं की कार्ब्युरेटरमध्येच कचरा असणार, आणि तो उघडून जेट साफ करत बसलो. संध्याकाळी जोडला, पुन्हा ६० हर्ट्झ.

शेजारचे तात्या होडीचं डिझेल इंजिन स्वतः खोलणारे. कुंपणावरून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "गाडी वारो खाता, दुसरा काय नाय."

दुसऱ्या दिवशी तात्यांचं म्हणणं तपासलं. एअर फिल्टर काढून चालू इंजिनवर कार्ब्युरेटरचं तोंड लाकडाच्या फळीने अर्धवट झाकलं. हात ठेवू नका, बॅकफायर झाला तर तळवा भाजतो. हवा फक्त तिथूनच येत असती तर इंजिन गुदमरून बंद पडायला हवं होतं. ते उलट गुळगुळीत चालायला लागलं! म्हणजे मिक्स्चर लीन होतं, हवा मागच्या दाराने येत होती.

किती हवा? गणित करून पाहा. ८५० आरपीएमला आपलं इंजिन मिनिटाला ४२५ लिटर जागा भरतं, पण मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या एक तृतीयांश, म्हणून बाहेरची हवा साधारण १४५ लिटर. आता ३ मि.मी. चं एक भोक घ्या. दाबाचं गुणोत्तर ०.५३ च्या खाली असल्यामुळे फ्लो चोक्ड, डिस्चार्ज कोइफिशंट ०.८ धरला तर मिनिटाला सुमारे ६८ लिटर. म्हणजे आयडलिंगला लागणाऱ्या हवेच्या जवळजवळ निम्मी! फ्लुइड मेकॅनिक्सचं नोझलचं चॅप्टर ऑप्शनला टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

भोक शोधायला काही जण मॅनिफोल्डवर पेट्रोल मारतात. तसलं काही करू नका, गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो. मी बाटलीतून पाण्याचा बारीक फवारा पॅकिंगच्या कडांवर मारला. आवाज बदलला नाही. मग एकेक व्हॅक्यूम पाइप पकडीने हलकेच चिमटत गेलो. जाड पाइप चिमटला आणि रेस धाडकन उतरली. खालच्या अंगाला, जिथे नजर जात नाही तिथे, रबर कडक होऊन तडकलेलं.

तो पाइप ब्रेक बूस्टरचा होता. मामाला विचारलं, ब्रेक कसा लागतो? "महिनाभर जरा हार्ड लागतोय, खाऱ्या हवेने गंजला असेल." याच गाडीतून मामा पाहुण्यांना मालवणला ने-आण करत होता, त्या अरुंद रस्त्यावरून, जिथे माणसं आणि गुरं सारखी आडवी येतात. एकीकडे इंजिन गाडी पुढे ढकलतंय आणि दुसरीकडे ब्रेकला मदत नाही. गाडीची चावी मी खिशात घातली.

नवा पाइप कुडाळहून आणला, व्हॅक्यूमचाच. पाण्याचा पाइप तिथे चालत नाही, आतल्या आत चपटा होतो. बसवला, स्टार्टर मारला, आणि गाडी लगेच बंद! मामाचा चेहरा पडला, पण हे बरोबरच होतं. फुकटची हवा थांबली आणि स्क्रू तर मागे घेतलेला. स्क्रू आत घेत २८ हर्ट्झवर आणला, मग मिक्स्चर.

तुमच्याकडे २००० सालानंतरची एमपीएफआय गाडी असेल तर स्क्रूला हात लावू नका. तिथे एमएपी सेन्सर जास्तीची हवा मोजून पेट्रोलही वाढवतो, म्हणून लीकने रेस सरळ चढते. ठराविक आरपीएमच्या वर ईसीयू पेट्रोल तोडतो, खाली आल्यावर परत देतो, त्याने झोके बसतात. तिथे थ्रॉटल बॉडीतला कार्बन, आयडल व्हॉल्व्ह आणि कनेक्टरमधली हिरवी बुरशी आधी पाहा. पाइप मात्र तसेच चिमटायचे.

बूस्टरची परीक्षा कोणीही करू शकतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि स्टार्टर मारा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मामाचं गेलं, तेव्हा चावी परत दिली.