वाणगावच्या कच्च्या वाटा आणि सायकलस्वारांची फसगत

खडीच्या, मुरमाच्या किंवा नुसत्या मातीच्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवण्याचा जो प्रकार अलीकडे ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ या नावाने रूढ झाला आहे, त्याचा आदर्श म्हणून बहुधा इटलीकडे बोट दाखवले जाते. तोस्काना प्रांतातील द्राक्षमळ्यांमधून जाणारे पांढरे, बिनडांबरी रस्ते टिकून राहावेत या हेतूने १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी तेथे सुरू झाली आणि २००७ पासून त्याच मुलखात ‘स्त्रादे बियांके’ ही व्यावसायिक शर्यतही होऊ लागली. उत्तरेच्या सपाट प्रदेशात पंधराव्या शतकातील मार्तेसाना कालव्याच्या काठची वाट, जी एकेकाळी नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती, आज मिलान शहरातून अद्दा नदीपर्यंत सायकलींना मोकळी आहे.

या वर्णनाशी जुळणारा मुलूख मुंबईजवळ शोधणाऱ्यांची नजर डहाणू तालुक्यातील वाणगावकडे वळते, आणि ते साहजिकही आहे. पश्चिमेला समुद्र आणि खाड्या, मध्ये रेल्वेच्या दोन्ही अंगांना मिरचीची आणि ढोबळी मिरचीची शेती, उत्तरेला डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या, पूर्वेला चढत जाणारी मुरमाड टेकाडे आणि त्यांपलीकडे महालक्ष्मीचा गड व गंभीरगड, असा हा पट्टा आहे. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेल्यामुळे येथे कारखाने फारसे पसरले नाहीत, आणि २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्याने सायकल घेऊन पोहोचणेही सोपे झाले. द्राक्षमळे मात्र येथे नाहीत. ती हौस नाशिकला जाऊन भागवावी, किंवा बोर्डीला तयार होणाऱ्या चिकूच्या वाइनवर समाधान मानावे. तथापि बाहेरून येणाऱ्यांचे आडाखे या परिसरात पुन्हापुन्हा आणि ठरावीक जागीच चुकतात, म्हणून त्या जागांची नोंद करणे उपयोगाचे ठरेल.

पहिली फसगत पाटावर होते. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी कवडास येथील बंधाऱ्यावरून डाव्या व उजव्या कालव्यांत वळवले जाते आणि त्यांच्या शाखा शेतांपर्यंत पोहोचतात. कालव्याच्या भरावावर देखभालीसाठी ठेवलेली वाट, जिला सेवारस्ता म्हणतात, उपग्रहावरून घेतलेल्या नकाशात सरळ, सपाट आणि निर्मनुष्य दिसते. तिच्यावरून बोट फिरवून पन्नास-साठ किलोमीटरची फेरी आखणे घरबसल्या मिनिटाचे काम असते. प्रत्यक्षात हा रस्ता पाटबंधारे खात्याच्या कामाचा असतो, प्रवासाचा नव्हे, आणि त्यामुळे तो सलग असण्याचे बंधन कोणावरही नसते. ओढ्यावरून पाणी पलीकडे नेणारा जलसेतू आला की वाट संपते, कारण सेतूवर पाण्याला जागा असते, माणसाला नसते. सेतूच्या अरुंद कठड्यावरून सायकल खांद्यावर घेऊन जाण्याचा मोह वाहत्या पाटाच्या वेळी जिवावर बेतू शकतो, म्हणून अशा ठिकाणी मागे फिरून जवळच्या पाड्यावरून ओढ्याचा उतार विचारणे हाच मार्ग आहे. गाळ काढल्यानंतर तो भरावावरच टाकलेला असतो आणि वाळल्यावर त्याच्या ढेकळांतून सायकल ढकलत न्यावी लागते. भरावाच्या कडेला बाभळी असतील तर काटे ठरलेलेच, म्हणून नळीविरहित टायरांत सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा चिकट द्रव, भरून घेणे आणि तरीही एक ट्यूब जवळ बाळगणे सोयीचे पडते.

दुसरी गल्लत रस्त्याच्या जातीविषयी होते. आपल्याकडे ग्रामीण रस्ता पायरीपायरीने घडतो: आधी मातीकाम, मग खडीकरण, म्हणजे फोडलेल्या काळ्या दगडाचा थर पसरून दाबणे, वर मुरूम, आणि निधी आला की डांबर. याचा अर्थ असा की येथील खडीचा रस्ता हा डांबराची वाट पाहणारा अपुरा रस्ता असतो, आणि तेथील रहिवाशांना तो तसाच राहावा असे मुळीच वाटत नाही, ज्यात त्यांचे काही चुकत नाही. आजाऱ्याला कासा किंवा डहाणूच्या रुग्णालयात नेताना खडीचे सौंदर्य कोणाला दिसत नाही. सायकलस्वाराने यातून घ्यायचे ते एवढेच की मागील वर्षीचा आराखडा यंदा गृहीत धरू नये. नव्याने पसरलेल्या, न दाबलेल्या खडीवर चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायरही घसरतात; मुरमाच्या जुन्या गाडीवाटेवर मात्र तेच टायर थोडी हवा कमी ठेवल्यास उत्तम चालतात.

तिसरा आणि सर्वांत फसवा भाग खाडीकाठचा आहे. खाजणात, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत, घातलेल्या बांधांवरून आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या घट्ट वाळूवरून सायकल सुरेख पळते, आणि बोर्डीच्या उथळ किनाऱ्यावर तर समुद्र इतका मागे जातो की परत येणार आहे हेच विसरायला होते. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकण किनाऱ्यावरचा जुना ढोबळ हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. हा हिशेब मुंबईच्या बाजूला जुळतो. डहाणूकडे, खंबातच्या आखाताच्या दिशेने, भरती त्याहून थोडी उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सकाळी कोरडा असलेला बांध दुपारी पाण्याखाली असू शकतो, म्हणून त्या दिवसांत खाजणात शिरण्यापूर्वी एखाद्या मच्छीमार काकांना विचारून घेणे कोणत्याही यंत्रापेक्षा भरवशाचे ठरते. वाळूवरून आलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे.

चिकूच्या वाड्यांमधील सावलीच्या वाटा या खाजगी मालकीच्या असतात, हे कुंपण नसल्यामुळे लक्षात येत नाही. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर त्या भागातील उत्पादकांचा कायदेशीर हक्क मान्य झाला. तेव्हा वाडी ही कोणाची तरी पोटाची जागा आहे हे ओळखून परवानगी घेऊनच आत जावे. मिरचीच्या शेतात औषधफवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून वळसा घालावा. वारली पाड्यांत घराच्या भिंतींची किंवा माणसांची छायाचित्रे न विचारता काढणे हा उद्धटपणा आहे, आणि तो शहरी पाहुण्यांकडून वारंवार होतो.

वाहनमुक्त वाटांचे जाळे जिथे तुटते ती ठिकाणेही ध्यानात ठेवावी लागतात. चारोटी आणि तलासरी येथे मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडणे हा या भागातील सर्वांत धोक्याचा क्षण असून तो पुलाखालूनच पार करावा. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. बंदर आणि त्याला जोडणारे रस्ते, शिवाय बुलेट ट्रेनचा मार्ग, यांच्या कामांमुळे काल शांत असलेल्या गावरस्त्यावर आज डंपर भेटतात. बंदराच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे बाजूला ठेवला तरी सायकलस्वाराच्या दृष्टीने वाणगावच्या पश्चिमेकडील वाटा यापुढे पूर्वीसारख्या निवांत गृहीत धरता येणार नाहीत, आणि नवख्याने पूर्वेकडील टेकाडांचीच निवड करावी.

पावसाळ्यात शेतवाटांचा चिखल चाकात आणि ब्रेकमध्ये बसतो, तर मार्चनंतर दमट उकाड्याने थकवा लवकर येतो. त्यामुळे नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. सायकल लोकलच्या सामानाच्या डब्यातून न्यायची असल्यास तिकिटाची चौकशी स्थानकावर आधीच करावी, आणि डहाणूहून परतीच्या लोकल विरारच्या तुलनेत फारच थोड्या असल्यामुळे गाडीची वेळ आधी ठरवून फेरीची लांबी तिच्यावरून बेतावी.