साभार परत

मुलांनो, पोस्टमन दारात येतो, तुमच्या नावाचे जाड पाकीट हातात देतो आणि त्या पाकिटावरचे अक्षर तुमचे स्वतःचेच असते. असा अनुभव तुम्हांला कधी आला आहे का? तुम्ही म्हणाल, स्वतःलाच कोण पत्र पाठवील! पण लेखकाला असे पाकीट पूर्वी अनेकदा येत असे. मासिकाकडे लेख पाठवताना आपला पत्ता लिहिलेले आणि तिकीट लावलेले एक रिकामे पाकीट सोबत जोडावे लागे. लेख पसंत पडला नाही, तर संपादक तो त्याच पाकिटात घालून परत पाठवीत. बरोबर एक छापील चिठ्ठी असे. तिच्यावर दोन शब्द असत : 'साभार परत'. साभार म्हणजे आभारासह. उर्दूत आपण 'शुक्रिये के साथ' म्हणतो ना, तसे. शब्द फार गोड आहेत, पण ते वाचताना घसा दाटून येतो.

मला ही चिठ्ठी पहिल्यांदा मिळाली ती 2009 साली. तेव्हा मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे घर मालेगावला. गल्लीत दिवसरात्र यंत्रमागांची खटखट चाले. घरात सगळे उर्दू बोलत. मराठी मला शाळेत भेटली. आपल्याला मराठी किती चांगली येते हे जगाला दाखवावे, असे मला फार वाटे. म्हणून मी 'सूर्योदय' नावाचा एक निबंध लिहिला. शब्दकोश उघडून त्यातले जड जड शब्द वेचून काढले आणि निबंधात बसवले. तो लेख एका साप्ताहिकाकडे पाठवला. तो परत आला. दुसरीकडे पाठवला. तोही परत आला. तिसऱ्या वेळी पाकीट उघडले, तर आत छापील चिठ्ठी नव्हती. माझाच कागद होता आणि त्यातल्या एका वाक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला होता. ते वाक्य असे होते : 'शुक्रवारी आमच्या गल्लीत सूर्य उगवतो, पण आवाज होत नाही, कारण माग बंद असतात.' शेजारी संपादकांनी लिहिले होते, 'माग शुक्रवारी का बंद असतात? तेवढेच लिहून पाठवा.'

मला आधी रागच आला. चार पानांतून त्यांना हे एकच वाक्य दिसले? आणि शुक्रवारी जुम्याची नमाज असते, म्हणून आमच्याकडे कारखाने बंद असतात, हे कोणाला माहीत नाही? मग ध्यानात आले, की आमच्या गल्लीबाहेर पुष्कळ लोकांना ते माहीत नाही. मी गुरुवारी संध्याकाळी चाचांच्या कारखान्यात जाऊन बसलो. आठवड्याची मजुरी कशी वाटतात, ती घेऊन कोण प्रथम वाण्याकडे जातो, कोण उधारी फेडतो, माग थांबल्यावर कानांत किती वेळ आवाज घुमत राहतो, हे सारे पाहिले आणि दोन पानांत लिहिले. शब्दकोश उघडला नाही. चार महिन्यांनी तो लेख छापून आला.

लेखाबद्दल मला तीनशे रुपयांचा चेक मिळाला. लेखकाला जो मेहनताना देतात, त्याला मराठीत मानधन म्हणतात. आता गंमत ऐका. चेक माझ्या नावाचा होता आणि बँकेत माझे खातेच नव्हते. खाते उघडायला पाचशे रुपये भरावे लागले. ते अब्बांनी दिले. म्हणजे लेखक म्हणून माझी पहिली कमाई उणे दोनशे रुपये! अब्बा काही बोलले नाहीत, पण महिनाभर घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी हा हिशेब सांगितला.

वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या कचेरीत नोकरी न करता, निरनिराळ्या ठिकाणी लिहून जो मानधन मिळवतो, त्याला मुक्त लेखक म्हणतात. त्याला महिन्याचा पगार नसतो. लेख छापला, तरच पैसे. आणि तेही कधी लवकर, कधी उशिरा, कधी दोन-तीनदा आठवण केल्यावर. केवळ एवढ्यावर घर चालवणारे लोक थोडे आहेत. बहुतेकांचा दुसरा काही उद्योग असतोच. मी स्वतः शिक्षक आहे. हे तुम्हांला आधीच सांगितलेले बरे.

प्रेमचंदांच्या कथा तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचल्या असतील. त्यांचे खरे नाव धनपतराय. तेही शिक्षक होते. प्रथम ते 'नवाबराय' या नावाने उर्दूत लिहीत. कानपूरच्या 'जमाना' मासिकात त्यांचे लेखन येई. 1908 साली त्यांचा 'सोजे वतन' हा कथासंग्रह निघाला आणि इंग्रज सरकारने तो जप्त केला. त्यानंतर त्यांनी 'प्रेमचंद' हे नाव घेतले. इथपर्यंतची हकिकत पुष्कळांना ठाऊक असते. पण मला त्यांच्या हिशेबाची हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. 'सेवासदन' ही कादंबरी त्यांनी आधी उर्दूत लिहिली होती. तरी पुस्तक म्हणून ती आधी हिंदीत निघाली, कारण हिंदी प्रकाशक लवकर मिळाला. कोलकात्याच्या त्या प्रकाशकाने 450 रुपये दिले. उर्दू पुस्तक काही वर्षांनी लाहोरहून निघाले. त्याचे 250 रुपये मिळाले. लेखन एकच, पण दोन भाषा येत होत्या म्हणून दोन दारे उघडली.

पुढे 1921 मध्ये गांधीजींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन प्रेमचंदांनी सरकारी नोकरी सोडली. आता लेखणीवरच संसार. त्यांनी 1923 मध्ये बनारसला छापखाना काढला, 1930 मध्ये 'हंस' मासिक सुरू केले. दोन्हींत पैसा बुडत राहिला. 1934 मध्ये ते चित्रपटांसाठी लिहायला मुंबईला आले, पण ते काम त्यांना मानवले नाही आणि वर्षभरातच परत गेले. एवढा मोठा लेखक, पण जमाखर्च काही जुळला नाही. आपण थोर लोकांचे धडे वाचतो, तेव्हा ही गोष्ट सहसा वगळलेली असते.

दोन भाषांचे दार मात्र आजही उघडे आहे, आणि ते तुमच्यासाठी आहे. उर्दू आणि मराठी या दोन्ही लिप्या वाचणारी माणसे महाराष्ट्रात फार नाहीत. उर्दूतली चांगली कथा मराठीत आणणे किंवा मराठीतली उर्दूत नेणे, हे काम तुम्ही शिकू शकता. यात एक नियम पाळावा लागतो. लेखकाचा आपल्या लेखनावर हक्क असतो. 1957 च्या कायद्याप्रमाणे आपल्या देशात तो लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. त्या काळात भाषांतराला परवानगी हवी. प्रेमचंद 1936 मध्ये वारले. त्यांच्या कथांचे भाषांतर आता कोणीही करू शकतो. तुम्ही लिहिलेल्या लेखावरही असाच हक्क तुमचा असतो, आणि त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही.

आता लेख तयार कसा करतात ते पाहू. मराठीत कच्च्या लेखाला मसुदा म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो 'मुसव्वदा' या शब्दापासून आला. मुसव्वदा म्हणजे काळे केलेले. खोडाखोड करून कागद काळा होतो, तो मुसव्वदा. आणि मग स्वच्छ उतरवून काढतात, तो 'मुबय्यजा', म्हणजे पांढरा केलेला. मराठीने यांतला काळा शब्द घेतला आणि पांढरा सोडून दिला! तुम्ही मात्र दोन्ही करा. माझे अनेक विद्यार्थी पहिलाच कागद पाठवायला निघतात. तो दोन दिवस बाजूला ठेवावा, मग मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य तोडावे.

भाषेच्या चुकांना फार भिऊ नका. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. मी कितीतरी दिवस 'माझी पुस्तक' असे लिहीत होतो, कारण मनात 'किताब' असे. संपादक अशी चूक सुधारून घेतात. पण माहिती चुकली तर ती त्यांना सुधारता येत नाही, कारण ती त्यांना ठाऊक नसते. मागाचा लेख लिहिताना मजुरीचा दर मी तिघांना विचारला होता.

लेख हाताने लिहिलेला असेल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहावा आणि डावीकडे समास सोडावा. समास म्हणजे हाशिया. उर्दूच्या सवयीने तुम्ही तो उजवीकडे सोडाल, म्हणून सांगतो. आज बहुतेक संपादक लेख ई-मेलने मागवतात. तेव्हा तो युनिकोडमध्ये टाईप करून पाठवावा. वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवू नये. सोबत तीन-चार ओळींचे पत्र, त्यात नाव, पत्ता आणि फोन. 'माझा लेख छापून मला उपकृत करावे' अशी विनवणी नको, आणि 'हा लेख वाचून आपण थक्क व्हाल' असेही नको. एकच लेख एकाच वेळी दोघांकडे पाठवू नये. दोघांनीही छापला, तर दोघेही पुन्हा तुमचे नाव काढणार नाहीत.

वेळ सांभाळणे ही यातली मोठी विद्या आहे. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची प्रथा पडली. आज दर वर्षी कितीतरी दिवाळी अंक निघतात आणि नव्या लेखकाला त्यांत जागा मिळू शकते. पण हे अंक भर पावसाळ्यातच जुळवायला घेतात. दिवाळीच्या आठ दिवस आधी पाठवलेला लेख, कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही. रमजान ईदवरचा लेखही मासिकाला द्यायचा, तर निदान दोन महिने आधी द्यावा. तुमच्या वयासाठी पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक आहे. ते 1971 साली सुरू झाले. तुमच्या वाचनालयात ते येत असेल तर जुने अंक काढून पाहा. कोणता लेख किती लांबीचा असतो, ते मोजा. जे मासिक आपण कधी वाचले नाही, त्याला लेख पाठवणे म्हणजे न पाहिलेल्या माणसासाठी सदरा शिवणे.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहा. 'पैसे भरा, तुमची कविता आमच्या पुस्तकात छापू, वर प्रमाणपत्रही देऊ', असे सांगणारे लोक असतात. माझ्या एका मित्राने असे आठशे रुपये भरले. पुस्तक निघाले, पण ते त्यात कविता देणाऱ्यांशिवाय कोणी पाहिले नाही. लेखनाचे पैसे लेखकाला मिळायचे असतात, लेखकाने द्यायचे नसतात.

मी एक वही ठेवतो. तिच्यात पाच रकाने आहेत : लेखाचे नाव, कोठे पाठवला, तारीख, काय उत्तर आले, मानधन. लेख परत आला की त्याच दिवशी तो पुन्हा वाचतो, लागेल ती दुरुस्ती करतो आणि पुढच्या ओळीत नवा पत्ता लिहितो. वहीत 'परत' हा शब्द 'छापला' या शब्दापेक्षा पुष्कळ जास्त वेळा आहे. मी मोजले आहे, पण आकडा तुम्हांला सांगणार नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने गेल्या वर्षी, नववीत असताना, मला अशीच वही आखून मागितली. ती शाळेतून गेल्यावर आईबरोबर कांड्या भरते. मागाच्या धोट्यात सुताची जी लहान नळी बसते, ती कांडी. तिने त्यावर लेख लिहिला होता : एका संध्याकाळी किती कांड्या होतात, वीज गेली की काय करायचे, अभ्यास कोणत्या वेळात करायचा. लेख चांगला होता. काही दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, मुलगी रात्री जागून लिहिते. यात काही मिळते का?"

मी त्यांना माझा तीनशे आणि पाचशेचा हिशेब सांगितला. ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मग कशासाठी करायचे?"

माझ्याजवळ पटकन देण्यासारखे उत्तर नव्हते. त्यांना मराठी वाचता येत नाही. मी तिचा लेख काढला आणि उर्दूत सांगत सांगत त्यांना वाचून दाखवला. ते मान खाली घालून ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "थांबा सर. धागा तुटला तर गाठ अशी मारत नाहीत. ही गाठ धोट्यात अडकेल. तिला सांगा, मी दाखवतो."

त्या रात्री त्यांनी तिला गाठ दाखवली. तिने तो परिच्छेद पुन्हा लिहिला आणि लेख पाठवला. तो एकदा परत आला, दुसऱ्यांदाही परत आला. गेल्या महिन्यात तिने तिसरी ओळ भरली आहे. तिच्यात लेखाचे नाव आहे, पत्ता आहे, तारीख आहे. पुढचे दोन रकाने अजून कोरे आहेत. शुक्रवारी तिचे वडील मशिदीबाहेर भेटले, की सलाम झाल्यावर पहिला प्रश्न विचारतात, "सर, काही उत्तर आले?"