एडिटर मोकळा करण्याआधी

टेक्स्ट एडिटर हे निव्वळ अक्षरे लिहिण्याचे, बदलण्याचे आणि साठवण्याचे साधन आहे. पानाची मांडणी, ठळक-तिरकी अक्षरे, चित्रे यांचा भार तो घेत नाही. त्यामुळे त्याची फाइल लहान राहते, जुन्या लॅपटॉपवरही चटकन उघडते आणि कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अडून बसत नाही. हा एडिटर आपल्या हाताला बसेल असा जुळवता येतो. मेनू, टूलबार, सरकपट्ट्या काढायच्या, पडद्यावर फक्त मजकूर ठेवायचा आणि माउसला हात न लावता सगळे काम कळांवर करायचे, असा त्या जुळणीचा हेतू असतो.

अशा एडिटरांची दोन जुनी घराणी आहेत. बिल जॉय यांनी 1976 मध्ये बर्कलीला व्हीआय लिहिला. त्याचाच वारस असलेला व्हिम ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये लोकांपुढे आणला. जॉय वापरत असलेल्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांची चिन्हे एच, जे, के, एल याच कळांवर छापलेली होती, म्हणून व्हिममध्ये आजही कर्सर त्या चार कळांनी हलतो. लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी, हे या घराण्याचे मुख्य लक्षण. दुसरे घराणे ईमॅक्सचे. त्याचा जन्मही 1976 चाच, पण एमआयटीतला. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स 1985 मध्ये आला. त्यात अवस्था बदलत नाहीत. कंट्रोल किंवा आल्ट दाबून ठेवून दिलेली कळ ही आज्ञा, बाकी सगळे लेखन.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे, आणि तो न ओळखल्यामुळेच प्रस्तुत लेखकाचे नुकसान झाले. राजूरला राहून अकोले तालुक्याच्या डांगाणातले भातशेतीचे शब्द टिपण्याचे काम लेखकाने हाती घेतले होते. राब, आवणी, खाचर. काळभात, रायभोग ही वाणांची नावे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलेले वाक्प्रचार. दिवसा ऐकायचे आणि संध्याकाळी लिहून काढायचे, एवढेच काम. त्यासाठी व्हिम निवडला आणि कोणा अनुभवी प्रोग्रामरची सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलून बसवली. त्या फाइलमध्ये सुमारे तीनशे ओळी होत्या. त्यांतल्या वीससुद्धा लेखकाला कळत नव्हत्या.

पहिली अडचण कीबोर्डची आली. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला येतात. मांडणी उत्तम आहे. ळ, ऱ थेट कळांवर मिळतात आणि बहुतेक भारतीय लिप्यांना तीच जागा लागू पडते. पण विंडोज किंवा लिनक्समधून ती चालू असताना एच, जे, के, एल या कळांवर प, र, क, त उमटतात. व्हिमच्या आज्ञा-अवस्थेत त्यांना काही अर्थ नाही. म्हणजे वाक्य लिहून एस्केप दाबायचे, भाषा बदलायची, कर्सर हलवायचा, पुन्हा भाषा बदलायची, मग लिहायचे. दोन तासांत असे शंभरदा झाले की लक्ष शब्दांवर राहत नाही, कळांवर जाते. लक्ष विचलित होऊ नये म्हणून केलेल्या जुळणीनेच ते जास्त विचलित झाले.

यावर उपाय आहे. भाषा बदलण्याचे काम संगणकाकडे ठेवू नये, एडिटरकडे द्यावे. व्हिममध्ये 'कीमॅप' नावाची सोय आहे: कोणत्या कळेला कोणते अक्षर याची एक साधी फाइल स्वतः लिहून ठेवता येते. संगणकाची भाषा इंग्रजीच राहते, लिहिण्याच्या अवस्थेत कंट्रोल आणि ^ दाबले की देवनागरी सुरू होते, आणि एस्केप दाबताच आज्ञा इंग्रजी कळांवर आपोआप चालतात. पुन्हा लिहायला लागले की देवनागरी परत येते. ईमॅक्समध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट मांडणी मुळातच दिलेली आहे. कंट्रोल आणि उलटी तिरपी रेघ दाबून ती चालू-बंद होते आणि आज्ञांना तिचा अडथळा होत नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी शिकलेल्यांनी मात्र या भरात इनस्क्रिप्टकडे वळू नये. एडिटर नवा आणि मांडणीही नवी असे एकदम केले की दोन्ही अर्धवट राहतात.

दुसरी गोष्ट अक्षर दिसण्याची. व्हिम पडद्याचे सारख्या मापाचे खण पाडतो आणि अक्षरे त्यांत बसवतो. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी जाते, जोडाक्षर दोन-तीन अक्षरांचे मिळून होते, मात्रा वर-खाली चढते. ते या खणांत नीट मावत नाही. अनेक टर्मिनलांत 'खाचर' बरा दिसतो आणि 'राब्याच्या' फुटतो. ईमॅक्सने 2020 मधल्या 27 व्या आवृत्तीपासून हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी प्रणाली घेतली आहे, त्यामुळे स्वतंत्र खिडकीत चालवल्यास मराठी नीट उमटते. मराठी गद्य लिहायचे असेल तर या एका कारणासाठी ईमॅक्स निवडावा, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. प्रोग्राम लिहायचे असतील तर व्हिम सोडण्याचे कारण नाही. ज्यांना या दोन्ही घराण्यांचा रियाज नको असेल त्यांनी फोकसरायटर घ्यावा: पूर्ण पडदा, मधोमध मजकूर, मराठी सुबक दिसते आणि शिकण्यासारखे फारसे काही नसते.

देवनागरीला ओळींत अंतर जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. एडिटरमध्ये ओळींमधील अंतराची सेटिंग असते. ती आधी वाढवावी, फॉन्टचा आकार मागाहून. मुक्त, नोटो, लोहित यांपैकी कोणताही फॉन्ट चालतो. ओळ ठरावीक अक्षरांनंतर तोडण्याची सवय प्रोग्रामरांची आहे. गद्याला ती नको, कारण छपाईला देताना प्रत्येक तुकडा हाताने जोडावा लागतो. ओळ फक्त पडद्यावर वळावी, फाइलमध्ये नाही. शुद्धलेखन तपासणी लिहिताना बंद ठेवावी. बोलीतला प्रत्येक शब्द तिच्या लेखी चूक असतो, आणि तांबड्या रेघांनी भरलेल्या पडद्यावर बोली लिहिणारा नकळत प्रमाण भाषेकडे सरकतो. लेखकाच्या पहिल्या टिपणांत असे झालेले आहे.

पडद्यावरचे सगळे पुसताना एक खूण मात्र ठेवावी लागते: आत्ता कोणती भाषा चालू आहे. तळाची पट्टी काढून टाकली तर ती कळत नाही. कर्सरचा रंग हा सर्वांत चांगला मार्ग. देवनागरी चालू असताना तांबडा आणि इंग्रजी असताना पांढरा, असे जीव्हिममध्ये, म्हणजे व्हिमच्या स्वतंत्र खिडकीत चालणाऱ्या रूपात, आणि ईमॅक्समध्येही करता येते. ईमॅक्समध्ये लेखनपद्धत चालू आणि बंद होण्याच्या क्षणाला जोडलेल्या दोन ओळी पुरतात.

आता मुख्य गोष्ट. राजूरला पावसाळ्यात लाइट जाते. पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे पाऊस कोसळू लागला की इकडेही ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. लेखकाच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. जुलैतल्या एका संध्याकाळी, आवणीच्या दिवसांत एका वृद्ध बाईंनी सांगितलेले लिहून काढत असता लाइट गेली. सुमारे दोन तासांचे लेखन होते आणि मध्ये एकदाही सेव्ह केलेले नव्हते, कारण सेव्ह करण्याची आठवण देणारी प्रत्येक खूण पडद्यावरून काढलेली होती. एवढे होऊनही मजकूर वाचला असता. व्हिम मूळ रूपात असताना 200 अक्षरे झाली किंवा लिहिणारा 4 सेकंद थांबला की मजकुराची नोंद एका स्वॉप फाइलमध्ये करून ठेवतो, आणि पुढच्या वेळी फाइल उघडताच ती परत मिळवायची का असे विचारतो. उचललेल्या तीनशे ओळींत 'नोस्वॉपफाइल' आणि 'नोबॅकअप' या दोन ओळी होत्या. फोल्डर नीटनेटका राहावा म्हणून प्रोग्रामर मंडळी त्या सर्रास घालतात; त्यांचा मजकूर गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत घडोघडी नोंदला जात असतो. इथे तसे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच पुन्हा सांगितले, पण पहिल्या दिवशी सांगताना त्या ज्या ओघात बोलल्या होत्या तो ओघ आला नाही. काही शब्द आले नाहीत ते आलेच नाहीत.

म्हणून जुळणीचा क्रम उलटा असावा. दिसणे शेवटी, राखण आधी. व्हिममध्ये स्वॉप फाइल चालू ठेवावी. फोल्डरात पसारा नको असेल तर 'डिरेक्टरी' या सेटिंगने तिला वेगळी जागा द्यावी. 2010 मधल्या 7.3 आवृत्तीपासून 'अनडूफाइल' आहे. ती चालू केली की फाइल बंद करून उघडल्यावरही आधीचे बदल मागे घेता येतात. ईमॅक्स साधारण 300 कळा दाबल्यावर किंवा 30 सेकंद थांबल्यावर स्वतःची प्रत लिहितो. ही सोय तशीच राहू द्यावी, आकडे हवे तर कमी करावेत. मग मुद्दाम परीक्षा घ्यावी: एका चाचणीच्या फाइलमध्ये चार ओळी लिहाव्यात, सेव्ह न करता पाच मिनिटे थांबून एडिटर सक्तीने बंद करावा आणि मजकूर परत मिळतो का पाहावे. ही परीक्षा उतरल्याशिवाय खरे काम त्यात लिहू नये.

दुसऱ्याच्या सेटिंगमधून उचलायचे असेल तर एका वेळी एक ओळ उचलावी आणि ती काय करते हे आपल्या शब्दांत तिच्या शेजारी लिहावे. जोडलेली प्लगिने काम संपवायच्या आठवड्यात अद्ययावत करू नयेत. लेखकाने सध्या ठेवलेली सेटिंगची फाइल चाळीस ओळींची आहे.

शोधाबाबत एक सूचना राहते. 'वाऱ्यावर' मधला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एकच, पण एडिटरला ते वेगळे शब्द वाटतात आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे दाबून ऱ मिळतो. तोच कायम वापरावा आणि बाहेरून आलेल्या मजकुरात दुसरा प्रकार आधी बदलून घ्यावा. छपाईसाठी काही ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर मागतात. तेव्हा युनिकोडची मूळ फाइल जागेवर ठेवून तिची प्रत रूपांतरित करावी, आणि रूपांतरित प्रतीत ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि रफार ही चार ठिकाणे डोळ्यांनी एकेक तपासावीत.